पावागड : माथा आणि पायथा

(ट्रस्टच्या अमृतमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



व्याख्यानासाठी विषय कोणता घेता, असे कार्यवाहांनी मला विचारले तेव्हा मी "पावागड" असे उत्तर दिले. त्यांच्या चेहऱ्यावर किंचित निराशा दिसली. त्यात त्यांचा दोष नाही. बडोद्यातल्या मराठी माणसाने आयुष्यात दोनचार वेळा तरी पावागड केलेला असतो. कोणी नवरात्रात जातो, कोणी नव्या सुनेला घेऊन जातो, कोणी मुलगा पास झाला म्हणून जातो. पावसाळा सरून हवा निवळली की आपल्या शहरातल्या उंच गच्चीवरूनही पूर्वेकडे तो निळसर उंचवटा दिसतो. जे घरबसल्या दिसते त्यावर हा मनुष्य तासभर काय बोलणार, असे वाटणे साहजिकच आहे.

परंतु मास्तरकीत वीस वर्षे घालविल्यावर माझे असे मत झाले आहे की, जे अगदी हाताशी असते त्याचीच माहिती आपल्याला सर्वांत कमी असते. आमच्या वर्गातल्या मुलांना रायगड, प्रतापगड, सिंहगड यांच्या कथा तोंडपाठ आहेत, आणि त्या असाव्यातही. पण आपल्यापासून जेमतेम पन्नास किलोमीटरांवर एका डोंगराच्या पायथ्याशी गुजरातची एक आख्खी राजधानी झाडीत पडून आहे, हे सांगितले की ती डोळे विस्फारतात. मोठ्यांचेही फारसे वेगळे नाही. आपण हालोलवरून मोटारीने थेट माचीपर्यंत जातो, तेथे रज्जुमार्गात बसतो, मातेचे दर्शन घेतो, उतरताना मक्याचे कणीस खातो आणि दिवेलागणीला घरी येतो. चांपानेर मोटारीच्या खिडकीतून दिसेल तेवढेच.

हा विषय घेण्याला आणखी एक कारण आहे. ते गेल्या वर्षीच्या आपल्या ट्रस्टच्या सहलीत घडले. ते मध्यावर सांगेन. आधी डोंगर चढू.

पावागड या नावाची एक गोष्ट आहे. ज्या ठिकाणी आज डोंगर आहे तेथे पूर्वी म्हणे एक भयंकर खोल दरी होती. त्या परिसरात विश्वामित्र ऋषी तप करीत. त्यांची कामधेनू चरताचरता दरीत पडली. आता वर यावे कसे? तेव्हा तिने आपल्या दुधाने ती दरी भरून काढली आणि पोहत काठाला आली. ऋषींनी देवाची प्रार्थना केली की, ही दरी एकदाची बुजवून टाक, म्हणजे माझ्या गाईला पुन्हा असा प्रसंग नको. देवाने एक डोंगर उचलून दरीत टाकला. त्याचा पाऊण हिस्सा दरीत गडप झाला आणि पाव हिस्सा वर उरला; तो पावागड. कोणी 'पवन' शब्दावरून, तर कोणी सतीच्या पायाच्या बोटावरून हे नाव सांगतात. मला स्वतःला गाईची गोष्ट अधिक आवडते, कारण वर्गात ती सांगितली की पुढचा भूगोल शिकवणे सोपे जाते.

तो भूगोल असा. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी पश्चिम भारतात जमिनीला लांबच लांब भेगा पडून आतला तप्त रस बाहेर आला. एकदा आला, थिजला, त्यावर पुन्हा आला. असे थरावर थर बसून आपले दख्खनचे पठार झाले. साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्याचा काळा कातळ, माळव्यातल्या मांडवगडाचा कातळ आणि पावागडच्या पायथ्याचा कातळ ही सगळी एकाच घटनेची लेकरे. तथापि पावागडची एक खासियत आहे. सह्याद्रीत पायथ्यापासून माथ्यापर्यंत बहुतेक काळा बेसाल्टच भेटतो. पावागडवर खाली बेसाल्ट लागतो, आणि माथ्याकडे ऱ्हायोलाइट नावाचा, सिलिकेचे प्रमाण अधिक असलेला, फिकट रंगाचा दगड लागतो. भूशास्त्रज्ञांना या डोंगराचे कुतूहल फार जुने आहे. फर्मोर नावाच्या शास्त्रज्ञाने १९०६ मध्येच या लाव्ह्यांवर लेख लिहिला होता.

समोर बसलेल्या भगिनींना हा फरक माझ्यापेक्षा चांगला समजेल. बेसाल्टचा रस म्हणजे एकतारी पाक. ताटात ओतला की कडेपर्यंत पसरतो. ऱ्हायोलाइटचा रस म्हणजे गोळीबंद पाक. ओतला तेथेच ढीग होऊन बसतो. असा हा कठीण दगड वर टोपीसारखा बसला. भोवतालचे ऊनपावसाने झिजून गेले आणि सपाट मैदानात एकटाच, सुमारे ८०० मीटर उंचीचा हा डोंगर उभा राहिला. गोष्टीतला देव डोंगर वरून टाकतो, शास्त्रातला डोंगर खालून येतो. पण डोंगराचा मोठा भाग आपल्याला दिसत नाही, एवढ्या मुद्द्यावर दोघांचे जुळते असे मी मुलांना थट्टेने सांगतो.

थर कठीण-मऊ असल्यामुळे डोंगराला पायऱ्यांसारखे टप्पे पडले आहेत. सरळ कडा, मग सपाटी. पुन्हा कडा, पुन्हा सपाटी. माणसाने या प्रत्येक सपाटीचा उपयोग केला. खालून वर जाताना अटकचा किल्ला, माची, भद्रकालीचे आणि मौलियाचे पठार, बालेकिल्ला, आणि सर्वांत वर कालिकामातेचे शिखर. माची आणि बालेकिल्ला हे शब्द ऐकून आपल्या कानांना घरच्यासारखे वाटते ना? किल्ल्याची भाषा मुलखाच्या सीमा मानीत नाही.

पाण्याचेही तसेच. वरच्या पठारांवर पाऊस साठून राहील असे खळगे होते, ते बांधून काढून तलाव केले. त्यांची नावे दुधिया, छासिया आणि तेलिया. दूध, ताक आणि तेल! वेढा पडला तर वर काय काय पुरले पाहिजे याची यादीच कोणी तलावांना नावे म्हणून दिली असावी, असा माझा आपला तर्क. त्याला आधार काही नाही. धान्यासाठी नवलखा कोठार आणि मकाई कोठार होते. आणि याच डोंगरातून आपली विश्वामित्री उगम पावते. काळ्या घोड्याजवळच्या पुलावरून आपण जिच्याकडे नाकाला रुमाल लावून पाहतो, आणि जिने २०२४ च्या ऑगस्टात आपल्यापैकी कित्येकांच्या तळमजल्यावर कमरेइतके पाणी आणले, ती ही नदी. जिचे उगमस्थान एवढे देखणे आहे तिची आपण शहरात काय दशा केली आहे, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. आज तो बाजूला ठेवतो.

डोंगरावरील उभ्या वास्तूंत सर्वांत जुनी म्हणजे छासिया तलावाजवळचे लकुलीशाचे मंदिर. ते दहाव्या-अकराव्या शतकातले. पाशुपत पंथाचा प्रवर्तक लकुलीश हा डभोईजवळच्या कारवणचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला. मौलिया पठारावर जैनांची देवळे आहेत. श्रीरामाच्या दोन्ही पुत्रांना याच डोंगरावर मोक्ष मिळाला अशी दिगंबर जैनांची श्रद्धा असल्यामुळे त्यांना हे सिद्धक्षेत्र आहे. आणि माथ्यावर काली. आदिवासी, राजपूत, वाणी, पाटीदार आणि आपली मराठी मंडळी, सर्व तिच्याकडे येतात.

आता माझ्या घरचे थोडे सांगणे भाग आहे. आमचे पणजोबा सातारा भागातून गायकवाडी पागेत चाकरीला आले ते येथलेच झाले. मी आठ-नऊ वर्षांचा असताना माझ्या दादीने पावागडचा नवस बोलला होता. नवस मातेला नव्हे. वरच्या सदनशाह पीराला. त्या काळी मातेच्या मंदिराला शिखर नव्हते. शिखराच्या जागी, मंदिराच्या माथ्यावर, सदनशाहचा दर्गा होता. दादी म्हणे, "खाली देवी, वर पीर. जिना एकच." आमच्या वाड्यातल्या शेजारच्या काकूही बरोबर निघाल्या. त्यांचे मागणे देवीकडे होते. १९८६ मध्ये रज्जुमार्ग झाला होता. तरी दोघी पायीच चढल्या. नवस पायांनी बोललेला, तो तारेवर लोंबकळत कसा फेडायचा, असे काकूंचे म्हणणे होते. वाटेत दोघी दहा ठिकाणी बसल्या. दादीच्या डब्यातले खजूर काकूंनी खाल्ले आणि काकूंच्या डब्यातल्या दशम्या मी संपविल्या. वर पोहोचल्यावर काकू मातेसमोर बसल्या, दादी वर गेली. मी मध्ये जिन्यावर उभा राहून दोघींच्या चपला सांभाळल्या.

सदनशाहची एक दंतकथा आहे. तो मूळचा सहदेव जोशी नावाचा हिंदू होता, त्याने सुलतानाची मर्जी राखण्यासाठी इस्लाम स्वीकारला आणि त्यामुळेच शिखर गेले तरी देऊळ बचावले, असे सांगतात. दंतकथेला पुरावा मागू नये. पण ज्यांनी ही कथा रचली त्यांना देऊळ आणि दर्गा या दोघांचा मेळ घालावयाचा होता, एवढे त्यावरून दिसते.

आता सहलीचा प्रसंग सांगतो. गेल्या वर्षी ट्रस्टच्या शिष्यवृत्तीधारक मुलांना घेऊन आम्ही पावागडला गेलो. मी बरोबर शिक्षक म्हणून होतो. माथ्याच्या थोडे खाली मुले बसली होती. मी त्यांना सांगत होतो की, या मंदिराचे शिखर पंधराव्या शतकात मोडले गेले. नववीतला एक मुलगा चुरमुरे खाताखाता म्हणाला, "सर, म्हणजे हे तुमच्या लोकांनीच पाडलं ना?"

त्याच्या मनात काही वाईट नव्हते. घरी, बाहेर, हातातल्या मोबाइलवर जे ऐकू येते ते तो बोलला. माझ्याबद्दल त्याला आदर आहे, हेही मला ठाऊक आहे. पण बरोबरच्या मुलांनी एकदम माझ्या तोंडाकडे पाहिले. आणि मी, वीस वर्षे इतिहास शिकविणारा मनुष्य, काय म्हणालो? "चला, उशीर होतो आहे, खाली उतरायचे आहे." एवढेच म्हणालो. परतीच्या वाटेवर चांपानेरला बस थांबवावयाची असे आधी ठरले होते. वेळ झाला म्हणून तीही थांबविली नाही. खरे म्हणजे वेळ होता. हे मी आज आपल्यापुढे कबूल करतो.

त्या मुलाला तेव्हा जे सांगावयास हवे होते ते आज सांगतो.

पहिली गोष्ट, शिखर मोडले ते महमूद बेगड्याच्या राजवटीत, आणि तो मुसलमान होता. यात लपविण्यासारखे किंवा मवाळ करून सांगण्यासारखे काही नाही. चौदाव्या शतकाच्या आरंभापासून येथे खिची चौहान राजपुतांचे राज्य होते. महमूदाने १४८३ मध्ये वेढा घातला. तो सुमारे वीस महिने चालला. आपण येथून हालणार नाही हे स्वतःच्या सैन्याला कळावे म्हणून वेढा चालू असतानाच त्याने पायथ्याशी मशिदीचा पाया घातला, असे इतिहासकार लिहितात. २१ नोव्हेंबर १४८४ रोजी गड पडला. राजपूत स्त्रियांनी जोहार केला. रावळ जयसिंह, ज्याला लोक पताई रावळ म्हणतात, तो जखमी होऊन हाती लागला. सुलतानाने त्याच्या जखमांवर उपचार करविले आणि पुढे धर्म बदलण्यास सांगितले. रावळाने नकार दिला. त्याला मारण्यात आले. मी मुसलमान आहे, पाच वेळा नमाज पढणारा आहे, आणि मला असे वाटते की, त्या झगड्यात मोठेपणा गड जिंकणाऱ्याकडे नव्हता, तो त्या जखमी माणसाकडे होता. माझ्या धर्माची लाज राखावयाची म्हणून मी रावळाला लहान करणार नाही.

गुजरातेत नवरात्राच्या गरब्यांतून वेगळीच हकीगत गाइली जाते. देवी स्वतः स्त्रीरूपाने गरबा खेळावयास आली, पताईने तिचा पदर धरला, तिने शाप दिला आणि राज्य गेले, अशी ती कथा. म्हणजे ज्याने मान दिली त्याच्याच माथी लोकांनी दोष मारला. इतिहास शिकविताना मला या बिचाऱ्या राजाची दया येते. त्याच्या वंशाच्या शाखा मात्र टिकल्या. छोटा उदेपूर आणि देवगड बारिया ही संस्थाने त्यांचीच.

दुसरी गोष्ट 'तुमचे लोक' या शब्दाची. वेढा पडला तेव्हा पताई रावळाने मदत मागितली कोणाकडे? मांडूच्या सुलतान गियासुद्दीन खिलजीकडे. तो सैन्य घेऊन निघालाही. पुढे पंडित-मौलवींच्या सल्ल्याने म्हणा, महमूदाच्या धाकाने म्हणा, परत फिरला. महमूदाने रावळाच्या जागी जी नवी राजधानी उभारली ती पन्नास वर्षांनी लुटली कोणी? हुमायूनने. तोही मुसलमानच. १५३५ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह पळाला आणि हुमायूनने चांपानेरला वेढा दिला. रानातली काही माणसे चोरवाटेने गडावर धान्य आणि तूप पोहोचवितात हे त्याने पाहिले. जेथे कडा अगदी तुटलेला होता आणि म्हणून पहारा सैल होता, तेथे रात्री कातळात डावीउजवीकडे पोलादी खुंट्या ठोकून माणसे चढविली. एकोणचाळीस चढल्यावर हुमायून स्वतः निघाला. बैरामखानाने त्याला क्षणभर थोपवून आपण पुढे चढाई केली, आणि बादशहा एकेचाळिसावा झाला. ही हकीगत अबुल फजलने लिहून ठेविली आहे. आपल्याला यावरून तानाजीची आठवण व्हावी हे साहजिक आहे. कडा चढणाऱ्याचे शौर्य मोठेच. पण खाली जे शहर होते त्याची धूळधाण झाली. बहादूरशाह १५३७ मध्ये दीव येथे पोर्तुगिजांशी झालेल्या झटापटीत मेला, राजधानी पुन्हा अहमदाबादेस गेली आणि चांपानेरात झाडी वाढू लागली.

आणि तिसरी गोष्ट आपल्या, म्हणजे मराठी लोकांच्या, घरातली. १७२७ च्या सुमारास कंठाजी कदम बांडे यांच्या मानसपुत्राने, कृष्णाजीने, अचानक हल्ला करून चांपानेर घेतले आणि तेथे ठाणे करून आसपासच्या मुलखावर स्वाऱ्या केल्या. त्या वेळी ज्यांचे धान्य गेले ते शेतकरी हिंदूच होते. पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गड शिंद्यांकडे आला. १८०३ मध्ये इंग्रजांनी तो जिंकला, पण त्या वर्षअखेरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहानंतर शिंद्यांना परत मिळाला. शेवटी १८५३ मध्ये शिंद्यांनी पंचमहालाचा कारभार इंग्रजांकडे सोपविला आणि १८६१ मध्ये मुलखाच्या अदलाबदलीत तो कायमचा गेला. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे पावागडवर ग्वाल्हेरचा अंमल होता. आज या सभागृहात ग्वाल्हेरहून आलेले पाहुणे आहेत; त्यांनी आपल्या जुन्या दौलतीला एकदा भेट द्यावी, अशी विनंती आहे. माझ्या पणजोबांसारखे मुसलमान शिलेदार या मराठी फौजांत होते. मग त्या मुलाच्या हिशेबाने मी कोणत्या लोकांचा? मला त्याला कोंडीत पकडावयाचे नव्हते, आजही नाही. हिशेब मांडावयास बसलो तर किती ठिकाणी हातचा धरावा लागतो, एवढेच त्याला दाखवावयाचे होते.

आणि हे सर्व दाखविण्याची जागा पायथ्याशी आहे. महमूदाने तेवीसएक वर्षे खपून 'मुहम्मदाबाद' वसविले. त्याचा 'बेगडा' हा किताब जुनागड आणि पावागड हे दोन गड, गुजरातीत 'बे गढ', जिंकल्यामुळे पडला असे म्हणतात. मनुष्य मोठा खादाड आणि तितकाच बागांचा शौकीन. त्या काळचे लेखक चांपानेरचे आंबे वाखाणतात आणि तेथे चंदन इतके होते की घरांच्या लाकूडकामात वापरीत, असे सांगतात. आता तेथे चंदन नाही. वेड्या बाभळी आहेत.

जामा मशीद पाहावयास निदान एक तास द्यावा. सोळाव्या शतकाच्या आरंभी ती पुरी झाली. आत १७२ खांब आहेत. दर्शनी कमानीच्या दोन बाजूंना सुमारे ३० मीटर उंचीचे दोन मिनार आहेत. मधला घुमट अशा रीतीने उचलला आहे की भोवतीच्या सज्ज्यांतून उजेड झिरपत खाली येतो. भर दुपारीही आत डोळे दिपत नाहीत. छताकडे मान वर करून पाहा. कमळे आहेत, वेली आहेत. मिनारांच्या बुंध्याशी थरांवर थर असे कोरले आहेत की, देवळाच्या मंडोवराचीच आठवण व्हावी. कारागीर गुजरातचे सलाट. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी देवळे घडविली होती. हातांना जी भाषा येत होती तीच त्यांनी येथे वापरली, फक्त मूर्ती टाळल्या. मूर्तीचा कोनाडा आहे, आत मूर्तीऐवजी वेल आहे. मी मुलांना हा कोनाडा शोधावयास लावतो. सापडला की कोणाही मुलाला अधिक समजावून द्यावे लागत नाही.

केवडा मशीद, नगीना मशीद, लीला गुंबज की मशीद, शहर की मशीद ही नावेच ऐकावी अशी आहेत. नगीना मशिदीच्या आवारातल्या छत्रीवर दागिन्यावर असते तसे बारीक काम आहे. गावाबाहेरच्या रस्त्यावर एक गोल वळणाची वाव आहे. तिच्या पायऱ्या शंखाच्या वळशासारख्या विहिरीच्या भिंतीला धरून खाली जातात. पाणी हा या शहराचा खरा थाट होता. कातळाचा डोंगर पाणी पोटात फार घेत नाही, ते धो धो खाली येते. ते अडवून तलाव, टाकी, वावी आणि विहिरी यांत खेळविले होते. वडा तलाव अजून भरतो. महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे प्रा. रमणलाल मेहता यांनी १९६९ पासून काही वर्षे येथे उत्खनन केले, तेव्हा 'अमीर मंझिल' या नावाने ओळखले जाणारे एका सरदाराचे घर मिळाले. त्याच्या बागेत पाण्याचे वळणावळणाचे पाट आहेत. २००४ मध्ये युनेस्कोने चांपानेर-पावागडला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. गुजरातेत हा मान प्रथम याच स्थळाला मिळाला. त्या मान्यतेत खालचे शहर आणि वरचे जागते देवस्थान दोन्ही एकत्र धरलेली आहेत, हे मला विशेष वाटते.

आता शेवटी माथ्याविषयी. बोलावे की न बोलावे असा विचार मी आठ दिवस केला. आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात तो प्रश्न असेल, तेव्हा बोलणेच बरे. देवस्थानाचा जीर्णोद्धार करताना दर्ग्याची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींशी सामोपचाराने बोलणी झाली, दर्गा मंदिराच्या माथ्यावरून शेजारी हलविण्यात आला, नवे शिखर उभे राहिले आणि १८ जून २०२२ रोजी त्यावर पंतप्रधानांच्या हस्ते ध्वज चढला. त्या दिवशी माझ्या आईने मला फोन करून विचारले, "दादीचा पीर कुठे गेला रे?" मी म्हणालो, "तिथेच आहे अम्मी, बाजूला आहे." ती काही बोलली नाही.

काही महिन्यांनी मी एकटा जाऊन आलो. पायऱ्या रुंद झाल्या आहेत, वृद्धांची सोय झाली आहे, परिसर स्वच्छ आहे. शिखर दुरून दिसते. दर्गा शेजारी आहे. मी फातेहा वाचली. मनात एक कळ आली हे खरे. 'खाली देवी, वर पीर, जिना एकच' हे दादीचे वाक्य आता वस्तुस्थितीला धरून राहिले नाही. पण तेथे बसलो असता मला काकूंचे एक बोलणे आठवले. त्या नवसाच्या दिवशी उतरताना त्या दादीला म्हणाल्या होत्या, "सगळं पोचलं, बाई. पण आईच्या डोक्यावर छत्र नाही, एवढं मनाला लागतं." दादी त्यावर गप्प राहिली. बऱ्याच वेळाने तिने काकूंचा हात धरून त्यांना निसरड्या पायरीवरून उतरविले. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता. काकू आज असत्या तर त्यांनी शिखर पाहून हात जोडले असते, आणि मग दादीला घेऊन शेजारच्या दर्ग्यापर्यंत गेल्या असत्या, चपला सांभाळावयास. निदान मी तरी असे धरून चालतो.

त्या नववीतल्या मुलाला, आता तो दहावीत आहे, मी अद्याप उत्तर दिलेले नाही. वर्गात दिले तर ते सर्वांसमोर बोलणे होईल, घरी बोलावले तर शिक्षा वाटेल. म्हणून मी विश्वस्त मंडळींना विनंती केली की, यंदाच्या सहलीचा क्रम उलटा करावा. त्यांनी ती मान्य केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. बस पहाटे सहाला ट्रस्टच्या दारातून निघेल. आधी चांपानेर, जामा मशिदीत न्याहारीनंतर दोन तास, मग वाव आणि वडा तलाव. दुपारच्या जेवणानंतर माची, आणि ऊन उतरल्यावर माथा. ज्यांना झेपेल त्यांनी पायी, बाकीच्यांनी रज्जुमार्गाने. पालकांपैकी ज्यांना यावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे. पण प्रत्येकाने पाण्याची बाटली, टोपी आणि एक कोरी वही आणावी. चपला नकोत, बूट घालावेत. कातळ उतरताना निसरडा असतो. नावे कार्यालयात दिवाळीपूर्वी नोंदवावयाची आहेत.